राखणदार बदलून मोहोर येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२३ मे २०२५ च्या अंकात खेळाच्या पानावर अगदी तळाला तुम्ही चार ओळींची बातमी दिली होती, टॉटनहॅमने फुटबॉलची युरोपा लीग जिंकली म्हणून. वरचं सगळं पान आयपीएलचं, ते ठीकच आहे. त्या चार ओळीत जो हरलेला संघ होता तो माझा, मँचेस्टर युनायटेड. पत्राला उशीर झाला कारण आधी पावसाने आंब्याची वाट लावली ती निस्तरायची होती आणि मग लावणी आली.

मी रत्नागिरीजवळच्या पावस गावच्या बाजूचा, घरचा धंदा हापूसचा. १९९९ ला बार्सिलोनात जर्मनीच्या बायर्न टीमविरुद्ध शेवटच्या दोन-तीन मिनिटात दोन गोल मारून युनायटेडने कप उचलला तेव्हा मी कॉलेजला होतो, तेव्हापासूनचं हे वेड, बायको याला दुसरं लग्न म्हणते.

यंदाचा, म्हणजे २०२४-२५ चा इंग्लंडच्या लीगचा सीझन थोडक्यात सांगतो. ३८ मॅच, ११ जिंकलो, ९ बरोबरीत, १८ हरलो, ४२ पॉइंट, २० टीममध्ये १५ वा नंबर. १९७४ ला हा क्लब खालच्या डिव्हिजनला गेला होता, त्यानंतर एवढं वाईट कधीच झालं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये कोच टेन हाग याला काढला, ज्याला जुलैमध्येच करार वाढवून दिला होता, आणि पोर्तुगालहून आमोरिम आणला, तर जानेवारीत तोच बोलून बसला की क्लबच्या इतिहासातली ही बहुतेक सगळ्यात वाईट टीम असेल. खोटं नाही बोलला, पण घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर कोण मांडतं?

तरी युरोपात हीच टीम हरतच नव्हती. एप्रिलमधली फ्रान्सच्या ल्यॉन टीमबरोबरची मॅच, आपल्याकडे पहाटेचे तीन वाजून गेलेले, एक्स्ट्रा टाइममध्ये ४-२ ने मागे, मी फोन ठेवणारच होतो आणि पेनल्टी मिळाली, मग मेनूचा गोल, मग मॅग्वायरचा, ५-४. मी असा काही ओरडलो की बागेतला गुरखा बॅटरी घेऊन धावत आला, त्याला वाटलं चोर शिरले. त्याला काय झालं ते समजावता समजावता उजाडलं.

आणि मग २१ मेची फायनल. त्या आठवड्यातला पाऊस तुमच्याच पेपरात पहिल्या पानावर होता, लाईट संध्याकाळपासून गेलेली, इन्व्हर्टरने मान टाकलेली, पडवीच्या ज्या कोपऱ्यात रेंज येते तिथे मी पागोळ्यांचं पाणी चुकवत मोबाईल धरून बसलो. ४२ व्या मिनिटाला गोल खाल्ला, तोही धड गोल नाही, आपल्याच प्लेअरच्या, शॉच्या अंगाला लागून घरंगळत गेलेला. पुढे सेकंड हाफभर बॉल आपल्याकडे आणि गोल काही होईना. सीझनमध्ये टॉटनहॅमकडून ही चौथी हार, आणि ते स्वतः लीगमध्ये १७ वे! सकाळी अण्णा माझ्या तोंडाकडे बघून एवढंच म्हणाले, "गेली वाटतं."

आता मुद्द्यावर येतो. सगळे म्हणतात कोच चुकला. अहो, २०१३ ला जुना कोच फर्ग्युसन निवृत्त झाल्यापासून कायमचे म्हणून नेमलेले सहा कोच झाले, मधले हंगामी वेगळे. राखणदार बदलून कलमाला मोहोर येतो का?

आमची वरची बाग आम्ही एकदा पाच वर्षं कराराने दिली होती. घेणाऱ्याने दर पावसाळ्यात बुंध्यात कल्टार नावाचं औषध ओतलं, मापाच्या बाहेर. त्याने पालवी थांबते आणि मोहोर लवकर येतो, म्हणजे पहिली पेटी मार्केटला तुमची, भाव तुमचा. पहिली तीन वर्षं झाडं नुसती लगडली, आम्हीच लोकांना कौतुकाने दाखवत होतो. पाचव्या वर्षी करार संपला, तो त्याचं घेऊन गेला आणि आमच्या हातात आली फांद्या वाळत चाललेली कलमं, ज्यांना आज इतकी वर्षं शेणखत घालतोय.

युनायटेडचं डिट्टो हेच झालं. २००५ ला ग्लेझर कुटुंबाने क्लब घेतला तो बराचसा कर्ज काढून आणि ते कर्ज टाकलं क्लबच्याच डोक्यावर, ज्याच्यावर तोवर कर्ज नव्हतं. म्हणजे बाग विकत घ्यायची आणि हप्ते बागेने फेडायचे. फर्ग्युसन होता तोवर फळ येत राहिलं म्हणून कोणी बुंध्याकडे बघितलं नाही. आम्ही साधी कौलंसुद्धा दर मे महिन्यात चाळून घेतो, यांच्या स्टेडियमचं छप्पर मात्र इतकं गळतं की गेल्या वर्षी आर्सेनलच्या मॅचनंतर स्टँडमध्ये धबधबे पडत होते. नवे भागीदार रॅटक्लिफ आले तर त्यांनी शेकडो कामगार कमी केले आणि सीझनच्या मध्येच तिकीट ६६ पौंड केलं, म्हाताऱ्यांना, पोरांना सवलत नाही.

माझा मित्र म्हणतो, अरे पण प्लेअरवर पैसा किती ओतला! ओतला ना. पण दमलेल्या झाडाला एकदम पोतंभर युरिया टाकून काय होतं ते त्याला माहीत नाही, तो बँकेत आहे. आणि घरचं रोप मात्र विकलं. मॅकटॉमिने, लहानपणापासून क्लबमध्ये वाढलेला, गेल्या ऑगस्टमध्ये नापोलीला दिला. आमच्या फायनलनंतर दोनच दिवसांनी त्याने तिकडे गोल मारून इटलीची लीग जिंकून दिली, वर तिथला सीझनचा बेस्ट प्लेअरही तोच. मी बायकोला व्हिडिओ दाखवला तर ती म्हणाली, मग तुम्ही रडताय कशाला, आपलाच आहे ना. काय सांगणार.

खरं सांगू तर फायनल जिंकलो असतो तर १५ वा नंबर असून पुढच्या सीझनला युरोपातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, चॅम्पियन्स लीगमध्ये जागा मिळाली असती, सगळ्यांनी गुलाल उधळला असता आणि परत एक वर्ष कोणी बुंधा उकरून बघितला नसता. म्हणून हरलो ते बरंच झालं असं मी आता म्हणतो. त्या रात्री नव्हतो म्हणत.

सध्या जुलै चालू आहे, कल्टार घालायचे दिवस. परवाच एकजण बाग कराराने मागायला आला होता, आकडाही चांगला बोलला. अण्णांनी चहा पाजून परत पाठवला. १७ ऑगस्टला आर्सेनलबरोबर पहिली मॅच आहे, मी बघणारच. दुसऱ्या दिवशी तुम्ही चार ओळीच दिल्या तरी चालतील, फक्त मागे एकदा छापलं होतं तसं युनायटेडच्या जागी मँचेस्टरचीच दुसरी टीम सिटी छापू नका.

आपला,
एक आंबा बागायतदार, रत्नागिरी