दिग्या, ती बाटली फेकली नाहीस ना?

खानापूर,
महाशिवरात्रीनंतरचा रविवार

प्रिय दिग्या,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. 'मग करतो' म्हणालो आणि राहूनच गेलं. राग धरला असशील तर धर, पण पत्र शेवटपर्यंत वाच. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा थंडीत धरतो, एवढंच.

गेल्या पावसाळ्यात जांबोटीच्या पुढं, आपल्या ओढ्याकडेला रात्री किडे यावेत म्हणून दिवा लावून पडदा लावला होता. टपरीवाले मामा अजून तसेच आहेत. पांढरं कापड आणि दिवा बघून म्हणाले, "काय करूलालास रे रात्रीचं? कुणाचं लगीन हाय काय?" पाऊस उघडला आणि पडद्यावर एक नर येऊन बसला. डॉब्सनफ्लाय, ओढ्याकाठचा तो मोठा पंखवाला किडा. धुरकट लांब पंख पाठीवर मिटलेले, त्यांवर फिकट पिवळे ठिपके, डोकं रुंद आणि चपटं. तू असतास तर ओरडला असतास.

पंखांच्या रंगावर मी कधीच भरवसा ठेवत नाही, तुला माहीत आहे. पोटाचं टोक वेगळं केलं, पोटॅशच्या द्रावणात मऊ करून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. नवव्या खंडाच्या खालच्या पट्टीला मधोमध खोल खाच आहे. शेजारचे दोन आकडे आत वळलेले, टोकाला बोथट. या वंशाच्या छापून आलेल्या आकृत्या एकेक करून ताडून पाहिल्या, असं टोक एकातही नाही. दिग्या, ही नवी जात आहे. हे मी अजून कुणाला ठामपणे बोललेलो नाही. तुला सांगतोय.

वर्णन लिहून झालंय, आकृत्याही झाल्यात. अडलंय ते एकाच गोष्टीवर. माझ्याकडे नर एकच आहे.

नियमाला एक पुरतो. तो होलोटाइप, म्हणजे जातीचं नाव ज्याला बांधलेलं असतं तो एकच नमुना, म्हणून जाहीर करायचा, कुठल्या संग्रहालयात ठेवला ते लिहायचं, झालं. पण एकाच नराची ती खाच म्हणजे सगळ्या जातीची खाच, हे कशावरून? उद्या चार नर मिळाले आणि तिघांत ती उथळ निघाली तर? माझं नाव कुठल्यातरी जुन्या नावाच्या खाली समानार्थी म्हणून जाऊन बसेल, आणि पुढच्या माणसाला तो गुंता सोडवत बसावं लागेल. हॉस्टेलच्या गच्चीवर यावरूनच आपलं भांडण झालं होतं. तू म्हणायचास, थांबणारे थांबतच राहतात. मी म्हणायचो, घाईनं दिलेलं नाव पुसायला पिढी जाते. त्यावर तू आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतास आणि माझ्या डब्यातला कुंदा मात्र रोज संपवत होतास.

थांबलोही असतो मी. पुढचे दोन पावसाळे पडदा लावला असता. पण गेल्या महिन्यात ओढ्यावर गेलो तर जेसीबी उभा. कुणीतरी काठची जमीन घेतली आहे, पर्यटकांसाठी खोल्या बांधतोय. आपण बसायचो त्या उंबराच्या खाली काँक्रीटची भिंत उठते आहे. खालच्या अंगाला पाणी गढूळ, दगडांच्या फटी गाळानं बुजलेल्या.

अळ्यांचं जगणं त्या फटींतच. वरच्या अंगाला, जिथं पाणी अजून स्वच्छ आहे तिथं, दगड उलटले तेव्हा एक मिळाली. बोटाएवढी, काळपट, पोटाच्या दोन्ही कडांना आठ-आठ लांब धागे, बुडाशी कल्ल्यांचे झुबके. चिमट्यानं धरली तर शेपटीकडच्या आकड्यांनी दगड सोडीना. तुझ्या अंगठ्याला चावली होती तसलीच. काही वर्षं ती अशी पाण्यात काढते, मग कोष होण्यासाठी काठावर चढून ओल्या मातीत शिरते. काँक्रीटच्या भिंतीत ती कुठं शिरणार? प्रौढ किडा त्यानंतर जेमतेम काही दिवस ते आठवडे जगतो. म्हणजे काठ गेला की जात गेली, पाणी कितीही वाहू दे. ती अळी या नराचीच हेही डीएनए जुळवल्याशिवाय म्हणता येत नाही, आणि त्यासाठी एकुलत्या नराचा एक पाय तोडावा लागणार. हात होत नाही.

आपल्या इथल्या बारापेडे गुहेतलं वटवाघूळ आठव. 1913 साली ब्रिटिश प्राणीशास्त्रज्ञ थॉमसनं त्याला रॉटन या माणसाचं नाव दिलं. कितीतरी दशकं जगात तेवढी एकच जागा माहीत होती. पुढं मेघालयात सापडलं, कंबोडियात सापडलं. थॉमस मेघालयासाठी थांबला असता तर? नाव होतं म्हणूनच ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, सगळ्यांत कडक संरक्षणाच्या परिशिष्टात गेलं. 2011 साली भीमगड अभयारण्य झालं तेव्हा त्याचं नाव घेऊन बोलता आलं. आपल्या किड्याला नाव नाही, म्हणून कुठल्या अर्जात त्याच्याविषयी ओळ लिहिता येत नाही. 'एक किडा' कोण विचारतो?

तेव्हा मी तुझ्या बाजूला आलोय. नाव आता द्यायचं.

खरं एक काम तुझ्याकडे आहे. शेवटच्या वर्षी त्याच ओढ्यावर, कंदिलाजवळ तू एक नर पकडला होतास. मी मागितला, तू दिला नाहीस, 'माझा आहे' म्हणून हॉर्लिक्सच्या बाटलीत स्पिरिटमध्ये घालून घरी नेलास. मावशींनी ती बाटली देवघराच्या फळीवरून हाकलली होती, तेवढं मला आठवतं. पुण्याला जाताना ट्रंकेत घातली असशील. तो दुसरा नर आहे, दिग्या! त्याची खाच खोल असेल तर माझा निम्मा घोर गेला. आणि निबंधावर तुझं नाव माझ्या बरोबरीनं येईल, त्यात वाद घालू नकोस.

ओवीची दहावी ना यंदा? तिला पेपरांच्या शुभेच्छा सांग. वहिनींची बदली रद्द झाली का? नवीन फ्लॅटचं कळव.

माळा आजच चढ. आत चिठ्ठी आहे का बघ. पेन्सिलीनं लिहिली असशील तर अक्षर टिकलं असेल, बॉलपेननं लिहिली असशील तर स्पिरिटमध्ये केव्हाच विरघळलं असेल. चिठ्ठी नसेल तरी आण, निदान खाच कळेल. झाकण उघडू नकोस, स्पिरिट आटलं असलं तरी वरून काही ओतू नकोस. कुरिअरनं पाठवू नकोस, ते स्पिरिट घेत नाहीत. स्वारगेटहून रात्रीची बेळगाव गाडी धर आणि बाटली मांडीवर घेऊन ये. सकाळी स्टँडवर मी असतो.

तुझा,
नंदू