दोन नंबरच्या भिंगाबद्दल आभार

डोळे तपासणाऱ्या ताईंना सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागातली, तुम्ही जिच्या लेकीचे डोळे तपासलेत ती आई परवा लेकीचा चष्मा न्यायला आमच्या दुकानात आली. चष्मा पोरीच्या नाकावर बसला, दांड्या कानामागे वळवून झाल्या, पैसे दिले, तरी बाई काही हलेनात. म्हणाल्या, "ताईंनी मला लावलं होतं तसलं भिंग तुमच्याकडं आहे का? हिच्या बाबांना दाखवायचंय." बाबा बाहेर गाडीवरच बसून होते. चष्म्याला त्यांचाच विरोध.

तपासणीच्या खोलीत काय झालं ते मग त्यांनीच सांगितलं. पोर नऊ वर्षांची, दोन्ही डोळ्यांना मायनस दोन नंबर, लांबचं पुसट. आईचं पालुपद नेहमीचं: टीव्हीला चिकटून बसते, नाटकं करते, मैत्रिणीला चष्मा लागला म्हणून हिलाही पाहिजे. तुम्ही वाद घातला नाहीत. ट्रायल फ्रेममध्ये, म्हणजे काचा बदलून बघायच्या चौकटीत, प्लस दोनच्या दोन काचा टाकून ती आईच्या डोळ्यांवर ठेवलीत, लेकीला चार पावलं लांब उभं केलंत आणि एवढंच विचारलंत, "हसतेय का रडतेय?" आईला सांगता आलं नाही.

ज्याला लांबचा नंबर नाही त्याच्या डोळ्यांवर प्लस दोन चढवलं की त्याचं जग अर्ध्या मीटरवर संपतं. मायनस दोनवाल्या पोराचंही तिथंच संपतं. पुस्तक स्वच्छ, फळा पुसट. ही काच आमच्या पेटीत कायम असते, चाळिशीच्या गिऱ्हाइकांना रोज लावतो, पण पालकांच्या डोळ्यांवर चढवावी हे सुचलं नव्हतं. आता चढवतो. पालकाला स्वतःचा चष्मा असेल तर त्याच्या चष्म्यावरूनच धरायची. आणि खुर्चीत बसवूनच, पायरी दिसत नाही. (दोन नंबरचं भिंग म्हटलं की लोक भलताच अर्थ काढतात, तेवढं हसून घेतो.) बाबांनीही लावलं, समोरच्या दुकानाची पाटी वाचायचा प्रयत्न केला आणि काढून ठेवलं. पुढं काही बोलले नाहीत.

आता थोडं कडू. याच पोरीला गेल्या वर्षी एका शिबिरात मायनस एकची चिठ्ठी देऊन बोळवलं होतं. वर उपदेश, पूर्ण नंबर दिला तर डोळ्याला सवय लागते आणि नंबर वाढतो. ही समजूत अजून किती चिठ्ठ्यांवरून आमच्या काउंटरवर येते, सांगता सोय नाही. कमी नंबर दिल्यानं वाढ थांबत नाही. 2002 साली मलेशियातल्या मुलांवरचा एक अभ्यास छापून आला, त्यात उलट कमी नंबर दिलेल्या पोरांचाच नंबर जास्त वेगानं वाढला होता. मुळात वाढतो तो डोळ्याचा गोळा, मागच्या बाजूला लांब होत जातो. एक मिलिमीटर लांबी वाढली की साधारण अडीच-तीन नंबर. चष्मा डबीत ठेवून किंवा गाजरं खाऊन ती लांबी मागं जात नाही.

दुसरे ते "कॉम्प्युटरने डोळे तपासणी"वाले. मशीनमधलं चित्र बघताना पोरं जवळचं बघितल्यासारखा जोर लावतात, मशीन मायनस जास्त दाखवतं, आणि तोच छापील कागद चिठ्ठी म्हणून हातात देतात. तुम्ही डॉक्टरांना विचारून थेंब घातलेत, दहा मिनिटांनी पुन्हा घातलेत, पाऊण तास थांबवलंत. बाहेर पालकांची कुरकुर चालूच होती म्हणे. पण डोळ्यातला फोकस करणारा स्नायू सैल पडल्याशिवाय पोराचा खरा नंबर हाती लागत नाही. ऊन डोळ्यांवर येईल, आज गृहपाठ धूसर दिसेल, हेही आधीच सांगितलंत. नाहीतर संध्याकाळी आई धावत येते, "थेंबांनी डोळे गेले" म्हणत.

सोलापूरच्या उन्हाला नावं ठेवण्यात आपला जन्म जातो, तुम्ही त्याचंच औषध केलंत. रोज दोन तास घराबाहेर, पण भर दुपारी नाही. ऊन अंगावर घ्यायची गरजच नाही, डोळ्यांत उजेड गेला म्हणजे झालं. ट्यूबलाइटच्या खोलीत तीन-चारशे लक्स (उजेडाचं माप) असतात, दिवसा कडुनिंबाच्या सावलीतही काही हजार. शाळेआधी अर्धा तास, मधल्या सुट्टीत डबा झाडाखाली, संध्याकाळी हुतात्मा बाग नाहीतर संभाजी तलाव, की झाले दोन तास. आणि हे सांगताना तुम्ही बोट दाखवलंत ते तिच्या पाच वर्षांच्या भावाकडं. हे अगदी बरोबर. मैदानाचा खरा फायदा नंबर अजून लागलेला नाही त्याला. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जादा बाहेर काढलं, तीन वर्षांनी त्यांतल्या 30.4 टक्के मुलांना मायनस लागला होता, बाकीच्या शाळांत 39.5 टक्के.

महागडी काच गळ्यात मारली नाहीत, हेही लिहायलाच हवं. मायोस्मार्टसारख्या, मुलांसाठीच्या खास काचेनं नंबर वाढायचा वेग कमी होतो, ते खरंच. पण तुम्ही म्हणालात, आधी पूर्ण नंबरची साधी काच, झोपेपर्यंत डोळ्यांवर, सहा महिन्यांनी पुन्हा मोजू. वर्षाला अर्धा नंबर किंवा जास्त वाढतोय असं दिसलं तर डॉक्टरांशी बोलून कमी ताकदीचे ॲट्रोपिनचे थेंब, नाहीतर ती काच. यात आमचा धंदा बुडाला, ते असो.

पुढं ती काच घ्यायची वेळ आलीच तर तुमची चिठ्ठी आत्ताच तयार आहे. पीडी, म्हणजे नाकाच्या मध्यापासून बाहुलीपर्यंतचं अंतर, तुम्ही दोन डोळ्यांची वेगळी लिहिलीय, उजवीकडं 27.5 मिलिमीटर, डावीकडं 28.5. बहुतेक चिठ्ठ्यांवर ती जागा कोरीच असते, फार तर दोन्हींची बेरीज, 56 एवढा एकच आकडा. त्या काचेत मधला 9 मिलिमीटरचाच भाग साधा असतो, भोवती साडेतीन प्लसची चारएकशे बारीक भिंगं. बाहुली मधोमध आली नाही तर पोर सरळ बघताना त्या भिंगांतूनच बघतं, त्याला अंधुक दिसतं आणि तो हजारोंचा चष्मा दप्तरात जाऊन बसतो. फ्रेम नाकावरून घसरली तरी तेच. म्हणून हिला आत्ताच नोज पॅडवाली फ्रेम दिलीय. सैल झाली की आणून द्या म्हणून सांगितलंय, त्याचे पैसे घेत नाही.

सहा महिन्यांची तपासणी जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास येते. त्या गर्दीत कोणी डोळे दाखवायला येणार नाही, म्हणून आठवडाभर आधीच पाठवून देतो. फक्त तोवर तेवढा भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बदला. रांगेत उभी राहून पोरीनं खालची ओळ पाठ केलीय, आम्हाला दुकानात म्हणून दाखवली.

आपले,
नवी पेठेतले काचा बसवणारे