जर्मन शिकवा, पण मराठीतून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत सध्या जर्मनच्या क्लासचे फलक दिसतात. कारण उघड आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसाची मर्यादा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. नर्सिंग केलेल्या, आयटीआय केलेल्या पोरापोरींना तिकडे काम आहे. मात्र कामाच्या आधी भाषा आहे. मुलं शिकताहेत याचा मला आनंदच आहे. पण आपण ही भाषा त्यांना कोणत्या भाषेतून शिकवतो, याबद्दल मला कळकळीने लिहायचं आहे.

आमच्या शेजारच्या बंगल्यात वरची खोली घेऊन एक मुलगी राहते. दिंडोरी तालुक्यातली, शेतकऱ्याच्या घरची. दहावीपर्यंत जिल्हा परिषद आणि मराठी शाळा, मग जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका. वडिलांनी द्राक्षाच्या पैशातून तिच्या जर्मनच्या क्लासची फी भरली. गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती आमच्या जिन्याच्या पायरीवर बसून रडत होती. पुण्याला जाऊन जर्मनची बी-१ची, म्हणजे मधल्या पातळीची, परीक्षा दिली होती. त्या परीक्षेचे चार भाग असतात: वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण. प्रत्येकात शंभरपैकी साठ लागतात. तिचे तीन भाग निघाले, श्रवणात त्रेपन्न पडले. मला म्हणाली, "आजोबा, माझं इंग्रजीच कच्चं आहे, मला जर्मन कुठून येणार?"

हे वाक्य मला झोपू देईना, कारण अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो होतो.

मी मूळचा निफाड तालुक्यातला. सातपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडलो आणि ओझरच्या विमान कारखान्यात लागलो. तिथे मिग विमानं बनत. नकाशे, तपासणीच्या याद्या, सुट्या भागांवरचे शिक्के, सगळीकडे रशियन अक्षरं. (मिग म्हणजे मिकोयान आणि गुरेविच, दोन आरेखकांची आडनावं. मधला 'इ' हा रशियनमधला 'आणि' आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.) रशियन येणाऱ्याला मान होता, म्हणून मी शहरातल्या एका संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. तिथे सगळं इंग्रजीतून चाले. रशियन शब्द, त्याचा इंग्रजी अर्थ, मग मी मनात त्याचं मराठी करायचो. तोवर फळा पुसलेला असायचा. दोन महिन्यांनी मी वही बंद केली.

आमच्या विभागात एक वयस्कर सहकारी होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. जेवणाच्या सुट्टीत डबा खाताना त्यांनी मला एक वाक्य म्हणायला लावलं: "उ मिन्या येस्त क्नीगा." माझ्याकडे आहे पुस्तक. अण्णा म्हणाले, "इंग्रज म्हणतो, मी पुस्तक बाळगतो. रशियन म्हणतो, माझ्याकडे पुस्तक आहे. तू काय म्हणतोस?" मी हातातला घास तसाच धरून बसलो. पुढचं वाक्य, "म्न्ये खोलदना." मला थंडी वाजते. इंग्रजीत तो 'मी थंड आहे' असं म्हणतो. रशियन माणसाला आपल्यासारखीच थंडी 'मला' वाजते.

त्यानंतर मी वहीत इंग्रजीचा रकाना ठेवला नाही. शाळेत "स ला ते, स ला ना ते, ने ए शी, नी शी ई ही" घोकून घेतलं होतं, त्याचा उपयोग असा होईल असं गुरुजींनाही वाटलं नसेल. रशियनमध्ये सहा विभक्ती आहेत. ज्याला 'घर'चं 'घराला', 'घराने', 'घरात' असं सहज होतं, त्याला शब्दाचं शेपूट बदलतं याचं नवल कसलं? तीन लिंगं आपल्याकडे आहेतच. 'तू' आणि 'तुम्ही' हा भेदही आहे. त्यांच्या नावात वडिलांचं नाव मधे येतं, तेही आपल्यासारखंच. माझ्या वडिलांचं नाव विठ्ठल, म्हणून रशियन लोक मला आदराने विठ्ठलोविच म्हणत.

क्रियापदाचा एक भेद मात्र कामात फार महत्त्वाचा होता. 'प्राविर्याल' म्हणजे तपासत होतो, 'प्राव्येरिल' म्हणजे तपासून झालं. कागदावर एका अक्षराचा फरक. विमानाच्या बाबतीत तो फरक केवढा, हे मी सांगायला नको. इंग्रजीतून हा भेद मला कुणी समजावू शकलं नव्हतं. मराठीत 'वाचत होतो' आणि 'वाचून काढलं' यांत गोंधळणारा माणूस मी पाहिलेला नाही.

तर त्या पोरीची वही मी मागून घेतली. मला तेव्हा जर्मनचं अक्षरही येत नव्हतं. आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आणि पहिल्याच पानावर मला अण्णा आठवले. तिच्या वहीत लिहिलं होतं, 'वाइल' आला की क्रियापद शेवटी जातं. पुढे लाल शाईत 'अवघड'. खाली वाक्य होतं: "वाइल इश म्यूड बिन." मी म्हटलं, एकेका शब्दाखाली मराठी लिही. वाइल, कारण. इश, मी. म्यूड, दमलेली. बिन, आहे. कारण मी दमलेली आहे. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. मग "इश वाइस, दास डू हॉयटं कोम्स्ट", मला माहीत आहे, की तू आज येतोस. पुन्हा तसंच. इंग्रजीतून शिकणाऱ्यासाठी जी उलटापालट आहे, ती तिच्यासाठी जन्मापासूनची सरळ वाट होती, आणि तिच्या वहीत त्यावर 'अवघड' लिहिलेलं होतं. त्या लाल शाईचा मला अजूनही राग येतो.

श्रवणातले गुण कुठे गेले तेही सापडलं. ध्वनिमुद्रणात गाडीची वेळ, फलाटाचा क्रमांक, औषधाची मात्रा असे आकडे येतात. जर्मन माणूस पंचवीसला 'फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश' म्हणतो, म्हणजे पाच आणि वीस. ही मुलगी मनात 'ट्वेंटी फाइव्ह' धरून बसायची आणि आधी पाच ऐकू आला की बावन्न लिहायची. मी म्हटलं, पंचवीस म्हणताना आधी काय येतं? पाचच की! त्रेसष्ट, चौऱ्याहत्तर, सगळीकडे एककच पुढे (एकोणतीस, एकोणचाळीस हे आपलं वेगळं). २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पंचवीस'ऐवजी 'वीस पाच' असं वाचन सुचवलं गेलं, तेव्हा केवढा वाद झाला होता. मुलांना सोपं व्हावं हा त्यामागचा हेतू मला समजतो. पण जर्मनीतली सगळी पोरं आजही पाच-आणि-वीस म्हणतच गणित शिकतात.

उच्चारातही तसंच. जर्मन 'झेड' आला की क्लासमधली मुलं 'ज' म्हणतात. तो आपल्या 'चाक'मधला 'च' आहे, 'चिमणी'मधला नव्हे. 'मेडशेन', म्हणजे मुलगी, हा शब्द जर्मनमध्ये नपुंसकलिंगी का, यावर म्हणे वर्गात बरंच हसू झालं. आमच्या गावाकडे 'ते लेकरू', 'ते पोरगं' म्हणतात, त्यावर आजवर कुणी हसलं नाही. 'डोख' नावाचा एक छोटा शब्द आहे. "तुला जर्मन येत नाही ना?" असं कुणी विचारलं आणि आपल्याला येत असेल, तर नुसतं 'डोख' म्हणायचं. इंग्रजीत त्याला नेमका शब्द नाही, म्हणून तिच्या वहीत अर्थाच्या चार ओळी होत्या. आम्ही त्या खोडून लिहिलं: 'येतं की!'

मराठी आली की सगळं सोपं होतं, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं त्या मुलीच्या कष्टांवर अन्याय होईल. लिंगं तीन असली तरी ती आपली नाहीत. टेबल आपल्याकडे 'ते', तिकडे 'तो'. सूर्य तिकडे बाई आहे. प्रत्येक नाम त्याच्या लिंगासकटच पाठ करावं लागतं, दुसरा मार्ग नाही. साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येतं, तिथे आपली सवय आडवी येते. आणि क्रियापदाचे दोन तुकडे होतात, ते तर मला आजही छळतं. 'आनरूफेन' म्हणजे फोन करणं. वाक्यात मात्र 'रूफं' पुढे येतं आणि 'आन' शेवटी जाऊन बसतं. ते शेवटचं 'आन' ऐकेपर्यंत बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते कळत नाही. रशियनने मला असंच आघातावर छळलं होतं. 'झामक' म्हटलं तर गढी, 'झामोक' म्हटलं तर कुलूप, आणि लिहायला दोन्ही एकच. अशा ठिकाणी फक्त कान, तोंड आणि वर्षं. माझ्या वयात शब्द सकाळी येतो आणि दुपारी जातो, संध्याकाळी तो पुन्हा आणावा लागतो. तरी मी आणतो.

आणखी एक गोष्ट पुस्तकात नसते. या मुलीने रुग्णालयातल्या संभाषणाचा सराव करताना म्हाताऱ्या बाईला जर्मनमध्ये 'आजी' म्हटलं. शिकवणाऱ्या बाईंनी थांबवलं, आणि ते योग्यच होतं. तिकडे परक्या म्हाताऱ्या बाईला आडनावाने आणि 'झी' म्हणजे 'तुम्ही' म्हणूनच बोलावं लागतं, 'आजी' म्हटलेलं तिला अपमान वाटू शकतो. पोरीला हे फार लागलं. म्हणाली, "आजी म्हणायचं नाही, मग माया कशी दाखवायची?" मी तिला माझी गोष्ट सांगितली. ती मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

सुखोई विमानांच्या कामासाठी २००२ च्या हिवाळ्यात मी इर्कुत्स्कला होतो. गावातून अंगारा नावाची नदी वाहते, बैकाल सरोवरातून निघालेली. कडाक्याच्या थंडीतही तिच्यावरून वाफ उठत असते. निघताना आईने सप्तशृंगीचा अंगारा कपाळाला लावला होता, म्हणून ते नाव मला पहिल्या दिवसापासून आपलं वाटलं. आमच्या वसतिगृहात दाराशी एक म्हाताऱ्या बाई रात्रपाळीला असत. मला 'सिनोक' म्हणत, म्हणजे बाळा. (रशियन 'सिन' आणि संस्कृत 'सूनु' हे एकाच मुळातले.) जानेवारीत एका रात्री घरून फोन आला, आई गेली. परत येणं लगेच शक्य नव्हतं. फोन ठेवून मी दाराशी आलो. त्या बाईंनी काय झालं ते विचारलं. मला विभक्ती आठवेनात, काळ आठवेना. अण्णांनी शिकवलेल्या पहिल्या वाक्याचं तोंड तेवढं आठवलं: "उ मिन्या मामा उमिर्ला." त्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई. 'उमिर्ला'मध्ये आपला 'मृत' आहे. बाई काही बोलल्या नाहीत. चहा केला, माझ्या हातात पेला दिला आणि पहाटेपर्यंत शेजारी बसून राहिल्या. मधेच आईचं नाव विचारलं, ती काय रांधायची ते विचारलं. बाजरीच्या भाकरीला रशियनमध्ये काय म्हणायचं ते मला येत नव्हतं, हातांनी थापून दाखवली. त्या रात्री माझ्यापाशी ती मोडकी भाषा नसती तर मी बंद खोलीत एकटा बसलो असतो.

मुलीने विचारलं, "त्या बाईंना तुम्ही काय म्हणायचात?" नाव आणि वडिलांचं नाव, आणि 'तुम्ही'. माया कमी पडली नाही.

संपादक महोदय, माझी मागणी छोटी आहे. परदेशी भाषेच्या क्लासचालकांनी निदान पहिले तीन महिने मराठीतून शिकवावं, व्याकरण मराठी व्याकरणाशेजारी ठेवून सांगावं. शिकवणाऱ्यांत मराठी माध्यमातून आलेले पुष्कळ आहेत. ते स्वतः मनात मराठीतूनच समजले असतील, फक्त फळ्यावर तसं लिहायला बिचकतात. पुस्तकांच्या दुकानांत जर्मन कोश मागितला की इंग्रजी-जर्मन पुढे येतो. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं. तिथे मराठीतून परदेशी भाषा शिकणाऱ्यांसाठी एक कपाट आणि आठवड्यातून एक संध्याकाळ मिळाली, तर शहरातल्या निवृत्त माणसांकडून रशियन, जर्मन, जपानीच्या कितीतरी जुन्या वह्या तिथे येतील. माझ्या सहा आहेत, त्या मी देतो. २७ फेब्रुवारीला तात्यासाहेब शिरवाडकरांच्या जन्मदिवशी आपण ग्रंथदिंडी काढतो. त्याच दिवशी या कपाटाचं कुलूप उघडता येईल.

त्या मुलीची श्रवणाची फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात पुण्याला आहे. रोज रात्री जेवणानंतर मी तिला पन्नास आकडे वाचून दाखवतो, ती लिहिते. काल दोन चुकले. दोन्ही माझ्या उच्चारामुळे, असं ती म्हणाली, आणि मला तो आकडा तीनदा म्हणायला लावला.

आपला,
ओझरच्या कारखान्यातला एक निवृत्त तंत्रज्ञ,
नाशिक