आमच्या दारात वही घेऊन उभ्या राहिलेल्या आरोग्य खात्याच्या ताईंना

ताई, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तीन वेळा आलात आणि तिन्ही वेळा आम्ही आपलंच रडगाणं लावलं, म्हणून इथे जाहीर लिहितेय, कोणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेलच.

पहिल्या दिवशी तर आम्ही तुमच्यावर ओरडलोच होतो. बिल्डिंगमध्ये चार जणांना कावीळ, त्याच्या आधी निम्म्या पोरांना जुलाब होऊन गेलेले, आणि आमची मागणी काय तर फवारणी करा! तुम्ही शांतपणे म्हणालात की ही कावीळ डासांनी नाही हो पसरत, पाण्यातून पसरते, आणि मग फवारणीचा विषय सोडून एकदम विचारलंत, महिन्याभरापूर्वी इथे काही खणलं होतं का?

तेव्हा खरंच वाटलं की बाईंना काहीतरी भलतंच सुचतंय. पण तुम्ही समजावलंत की या काविळीचा विषाणू, हिपॅटायटिस ए, शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे व्हायला साधारण १५ ते ५० दिवस लागतात, बहुतेकांना महिनाभर, म्हणजे आज आजारी पडलेल्या माणसाने ते पाणी कधीच पिऊन झालंय, आजच्या पाण्याकडे बघून काय कळणार. जुलाब मात्र दोन-चार दिवसांतच लागतात. मग मी मोबाईलमधले फोटो मागे मागे सरकवत गेले आणि सापडला की, मुलीचा सायकलवरचा फोटो, आणि मागे शेजारच्या नव्या टॉवरच्या ड्रेनेजसाठी खणलेला खड्डा, तारखेसकट! जुलाब त्याच आठवड्यात सुरू झाले होते. (खड्डा कोणी खणला ते अख्ख्या लेनला माहितीये, इथे नाव घेत नाही.)

पाणी दिसायला एकदम स्वच्छ होतं हो, हाच तर घोळ. तुम्ही नळाखाली ती छोटी नळी धरलीत, दोन थेंब टाकलेत आणि म्हणालात, क्लोरीन असेल तर पिवळं होईल. झालंच नाही. नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम तरी उरलं पाहिजे म्हणे, आमच्याकडे शून्य. आणि पाणी दिवसातून दोनच तास येतं तर बाकीचा वेळ लाईन रिकामी असते, तेव्हा फटीतून बाजूचं सांडपाणी आत ओढलं जातं, हे इतकी वर्षं राहून आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. इथे बिल्डिंगा भराभर उभ्या राहिल्या, जमिनीखाली कुठली लाईन कुठून गेलीये ते कोण बघतो!

तुम्ही वहीत आजारी माणूस असलेल्या प्रत्येक घरावर फुल्या मारत होतात ना, त्या बघून पोरं हसत होती. नंतर वाचलं की १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याच्या साथीत जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनेही असंच घरोघरी विचारत फिरून, सगळे एकाच पंपाचं पाणी पितायत हे दाखवलं होतं आणि त्या पंपाचा दांडाच काढायला लावला होता. तुमच्या फुल्यापण सगळ्या लाईनच्या शेवटच्या तीन बिल्डिंगांवरच होत्या, त्यामुळे लीकेज कुठे शोधायचं ते पाणीवाल्यांना बरोबर कळलं आणि दुसऱ्या दिवशी सापडलंही, खड्ड्यापासून चार हातांवर.

आता सगळे बरे आहेत, दुसऱ्या मजल्यावरचे आजोबापण, त्यांचीच जास्त धास्ती होती कारण वय झालं की ही कावीळ जड जाते असं तुम्हीच म्हणाला होतात. पाणी अजून खळखळून उकळूनच पितो. ते दोन थेंबांचं किट सोसायटीने विकत घेतलंय आणि पाणी आलं की पोरांची मारामारी चालते टेस्ट कोण करणार म्हणून, पहिल्यांदा पिवळा रंग आला तेव्हा तर जिन्यात टाळ्या पडल्या.

आणि हो, त्या पावसाच्या दिवशी तुमची निळी छत्री आमच्या लिफ्टपाशी राहिली, वॉचमनकडे ठेवलीये. न्यायला या, या वेळी कोणी ओरडणार नाही.