सेवाग्रामहून परतल्यावर

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, तुम्ही सगळे ग्रुपवर रोज बोलता, मग दोन दिवस रजा टाकून सेवाग्रामला जायची काय गरज होती?" तेव्हा बाहेर ओपीडीची रांग होती, आणि दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतंही. आज रात्रपाळीचे डॉक्टर वेळेवर आले, म्हणून निवांत लिहायला बसले आहे.

सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजातली आमची बॅच २०००ची. यंदा पंचवीस वर्षं झाली. सगळ्यांनी खादीतच यायचं असं ठरलं होतं. परदेशातून आलेल्या दोघांनी नागपूरला उतरल्याउतरल्या खादी भांडार गाठलं आणि घडीच्या रेषा तशाच असलेले कुर्ते घालून आले. वर्गात खादी हा तिथला नियमच आहे. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, डॉ. सुशीला नय्यर यांनी कस्तुरबा रुग्णालयाला जोडून हे कॉलेज काढलं. गांधीजींच्या डॉक्टर, पुढे देशाच्या आरोग्यमंत्री, आणि आमच्यासाठी नुसत्या बडी बहनजी. ३ जानेवारी २००१ला त्या गेल्या. आम्ही तेव्हा पहिल्या वर्षाला होतो. त्यांना विद्यार्थी म्हणून पाहिलेली आमची शेवटची बॅच, हे मला आजही फार मोठं वाटतं.

शनिवारी संध्याकाळी आश्रमात प्रार्थनेला बसलो. कॉलेजला लागल्यावर सुरुवातीचे दिवस आम्हाला याच आश्रमात ठेवलं होतं. पहाटे उठायचं, झाडलोट, सूतकताई, आपलं ताट आपण घासायचं. कोटाहून क्लास करून आलेली पोरं, अमरावतीच्या वकिलाची मुलगी, आणि मी, कापूस वेचणाऱ्या घरातली. सगळ्यांच्या हातात एकसारखाच खराटा. चरख्यावर माझं सूत सारखं तुटायचं आणि माझी रूममेट शेजारी बसून ते जोडून द्यायची. या खेपेला तीच माझ्याशेजारी बसली होती. ती आता भूलतज्ज्ञ आहे.

प्रार्थना झाल्यावर आम्ही दोघी बापूकुटीत गेलो. साप पकडायचा लाकडी चिमटा अजून तिथे ठेवलेला आहे. आश्रमात साप निघाला की मारायचा नाही, चिमट्याने धरून लांब सोडून यायचा, ही पद्धत होती. ती चिमट्याकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "ते मण्यारवालं पोरगं आता केवढं झालं असेल गं?"

ही गोष्ट तुला कधी नीट सांगितली नाही. तू तेव्हा माझ्या पोटात होतास. मी ग्रामीण रुग्णालयात नवीनच लागले होते. भर पावसाळ्यात सकाळी एक बाई दहाबारा वर्षांच्या पोराला उचलून घेऊन आली. "सर्प-बिर्प काही दिसला नाही जी मॅडम. पहाटेपासून पोट दुखते म्हणे, आता डोळेच उघडत नाही पोराचे." पोरगं रात्री जमिनीवर झोपलेलं. अंगावर सूज नाही, दाताची खूण शोधून सापडेना, पण पापण्या मिटत चाललेल्या आणि आवाज नाकात. मण्यार अशीच चावते, झोपेत, न दुखवता. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष आपल्याकडे होतं, ते लगेच सुरू केलं. पण मज्जातंतूंवर एकदा बसलेलं मण्यारीचं विष प्रतिविषाने सुटत नाही, आणि निओस्टिग्मिन हे औषध नागाच्या विषाला जसं लागू पडतं तसं हिच्या विषाला फारसं पडत नाही. श्वास उथळ होत चालला होता. भूलतज्ज्ञ नाही, व्हेंटिलेटर नाही.

मी रूममेटला फोन लावला. ती तेव्हा सेवाग्रामलाच एमडी करत होती. मी म्हणाले, "मला भीती वाटतेय. इतक्या लहान मुलाच्या श्वासनलिकेत मी एकटीने कधी ट्यूब टाकलेली नाही."

बाळा, हे वाक्य मी दुसऱ्या कोणालाही म्हणू शकले नसते. वरिष्ठांना नाही, जिल्ह्याच्या साहेबांना नाही, तुझ्या बाबांनासुद्धा नाही. तिला म्हणू शकले, कारण काहीच येत नसलेली मी तिने पाहिलेली होती. माझं तुटलेलं सूत जोडताना तिने मला कमी लेखलं नव्हतं, तर आता कशाला लेखेल? ती एवढंच म्हणाली, "सिस्टरला फोन कानाशी धरायला सांग. डोक्याखाली चादरीची घडी घाल. घाई करू नको, मी आहे." ट्यूब बसली. मग दवाखान्याच्या गाडीत दीड तास मी आणि सिस्टर आळीपाळीने अंबू बॅग, हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत होतो. फोन मध्येच कटायचा, रेंज आली की पुन्हा तिचाच यायचा. कॅज्युअल्टीच्या दारात ती स्वतः उभी होती. काही दिवस पोरगं व्हेंटिलेटरवर होतं. मग चालत घरी गेलं.

रविवारी आम्ही शिबिराच्या गावात गेलो. प्रत्येक बॅचने एक गाव दत्तक घ्यायचं, तिथे जाऊन राहायचं, वाटून दिलेल्या घरांची काळजी घ्यायची, ही तिथली जुनी रीत. पंचवीस वर्षांत रस्ता झाला, घरं पक्की झाली. एक आजी मात्र ओट्यावर बसून एकेकीची हनुवटी धरून विचारत होती, "तू कोणाच्या घरची व?" म्हणजे कोणत्या घराला नेमून दिलेली होतीस. आम्ही हिमोग्लोबिन आणि सिकलसेल या रक्तदोषाची तपासणी केली, बायांनी पाटवडी-रस्सा खाऊ घातला. निघताना ठरलं, यापुढे दर वर्षी आमच्यातल्या काही जणांनी तिथे यायचं. सिकलसेल असलेल्या मुलांचा पाठपुरावा आता माझ्याकडे आहे.

तुम्हा एमबीबीएसच्या मुलांनाही आता पहिल्या वर्षापासून गावातली कुटुंबं दत्तक दिली जातात. तू म्हणालास की बरीच मुलं सही करून परत येतात. तू तसं करू नकोस. एखादं घर तरी असं असू दे जिथे तुला नावाने ओळखतात.

आणि मागच्या आठवड्यात तू म्हणालास ते माझ्या मनातून जात नाहीये: डिसेक्शनला, शवविच्छेदनाच्या टेबलाशी, शंका आली तरी विचारत नाहीस, कारण बाकीच्यांना सगळं येतं. राजा, त्यांनाही येत नसतं. पण आज तू त्यांच्यासमोर न येण्याचं लपवलंस, तर उद्या रात्री दोन वाजता कोणाला फोन करशील? विचार. शेजारच्याला विचार, आणि तो विचारेल तेव्हा हसू नकोस. तुझ्या टेबलावर तो गडचिरोलीचा मुलगा आहे ना, इंग्रजीमुळे बोलायला बुजतो म्हणालास, त्याच्यासोबत रोज संध्याकाळी तासभर मराठीत अॅनाटॉमी वाच. दोघांचीही पक्की होईल. संक्रांतीला त्याला घरी घेऊन ये. त्याच्या आईचा नंबर मला पाठव, मी स्वतः बोलते. तोवर सांबारवड्यांसाठी मळ्यातली कोथिंबीरही होईल.

वर्ध्याहून गोरसपाक आणला आहे, बाबांसोबत दोन पुडे पाठवते. एक टेबलावरच्या सगळ्यांत वाट. ब्रेकियल प्लेक्सस, ते हाताच्या नसांचं जाळं, अडलं असेल तर रात्री दहानंतर फोन कर. मला आठवत नसेल तर मी रूममेटला विचारून सांगेन.

तुझी,
आई