फिरत्या गाडी धुलाई संचाचे भाग एकमेकांशी जुळत नसल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व तांत्रिक विभाग

विषय: फिरत्या गाडी धुलाई संचातील जनरेटर, नोझल, शोषण पाइप व केबल बदलून मिळणे, तसेच पुस्तिकेतील धोकादायक सूचना दुरुस्त करणे.

संदर्भ: आपले बिल, वॉरंटी कार्ड व आपल्या सेवा विभागाची उत्तरे (प्रती सोबत जोडल्या आहेत).

महोदय / महोदया,

आपल्याकडून घेतलेल्या संचात ३ एचपी सिंगल फेज मोटर, १२० बार दाबाचा व मिनिटाला ९ लिटर पाणी देणारा प्लंजर पंप, ३ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर, ३०० लिटरची टाकी, १५ मीटर होज, गन, फोम लान्स (फेस फवारण्याची नळी) आणि ३० मीटर केबल आहे. हा संच आम्ही छोट्या मालवाहू टेम्पोवर बसवला. तो आपण सांगितल्याप्रमाणे चालत नाही.

पंप चांगला आहे, मोटरही चांगली आहे. बहुतेक भाग सुटे तपासले तर त्यांत खोट सापडत नाही. पण ते एकमेकांच्या मापाने निवडलेले नाहीत. आपण आम्हाला सुटा माल विकलेला नाही. ‘जोडा आणि सुरू करा’ असे सांगून एकाच बिलात पूर्ण संच विकला आहे, म्हणून भागांच्या जुळणीची जबाबदारी आपलीच आहे. आपल्या सेवा विभागाने प्रत्येक वेळी एकेका भागाची वेगळी चौकशी केली आणि ‘भाग ठीक आहे’ असे उत्तर दिले. म्हणून सगळे हिशेब आकड्यांसह एकत्र मांडत आहोत.

आधी जनरेटर. १२० बार गुणिले ९ लिटर भागिले ६०० असा हिशेब केला तर पाण्याला १.८ किलोवॅट शक्ती लागते. पंपातली घट धरून मोटरच्या शाफ्टवर सुमारे २.१ किलोवॅट हवेत. ३ एचपी म्हणजे २.२ किलोवॅट, त्यामुळे मोटर आणि पंपाची जोडी बरोबर आहे. पण ही मोटर पूर्ण भारावर चालताना साधारण १३ अँपिअर, म्हणजे सुमारे ३ केव्हीए ओढते. आपल्या जनरेटरच्या पाटीवर सलग चालवण्याची क्षमता २.५ केव्हीए लिहिली आहे. चालू मोटरचाच भार त्याला झेपत नाही, मग सुरुवातीच्या क्षणी लागणारा पाच-सहा पट करंट तो कुठून देणार?

प्रत्यक्षात काय होते ते पाहा. स्वीच टाकला की व्होल्टेज १४० च्या आसपास घसरते. मोटर नुसती गुरगुरते, वेग घेत नाही. वेग पाऊणपटीच्या आसपास पोचल्याशिवाय आतला सेंट्रिफ्युगल स्वीच सुटत नाही, त्यामुळे मोटर उठवण्यापुरते लागणारे स्टार्ट कपॅसिटर आणि स्टार्ट वाइंडिंग सर्किटमध्येच अडकून राहतात. हा कपॅसिटर काही सेकंदांसाठीच बनवलेला असतो. तो आधी फुगतो, मग फुटतो. आमचे असे दोन कपॅसिटर गेले. ‘कमी व्होल्टेजमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही’ असे आपण कळवले. पण कमी व्होल्टेज देणारा जनरेटर आपल्याच संचातला आहे!

या मोटरसाठी किमान ७.५ केव्हीएचा जनरेटर हवा. स्पष्ट सांगायचे तर फिरत्या कामासाठी मुळात वीज बनवून मोटर फिरवण्यापेक्षा ६.५ एचपीचे पेट्रोल इंजिन पट्ट्याने किंवा वेग कमी करणाऱ्या गिअरने थेट पंपाला जोडणे अधिक शहाणपणाचे आहे. वजनही कमी होते आणि कपॅसिटरची कटकट राहत नाही. आपल्या यादीत असा पर्याय आहे. विक्रीच्या वेळी तो सुचवायला हवा होता.

सोसायटीने १५ अँपिअरचा सॉकेट दिला तर मोटर त्यावर चालते, पण तिथे केबल आड येते. आपली केबल १.५ चौरस मिमी तांब्याची आहे. ३० मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन ६० मीटर तारेचा रोध सुमारे ०.७३ ओहम भरतो. मोटर सुरू होताना ६५ अँपिअर वाहिले तर जवळजवळ ४७ व्होल्ट केबलमध्येच खर्च होतात. ४ चौरस मिमीच्या केबलवर हेच नुकसान १८ व्होल्टच्या आसपास राहते आणि मोटर पहिल्या झटक्यात उठते. केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून चालवली की आतले थर तापतात, म्हणून ती पूर्ण उलगडावी, एवढी एक ओळसुद्धा पुस्तिकेत नाही.

आता दाब. गेजवर कधीच ७७ बारच्या वर काटा गेला नाही. आपल्या तंत्रज्ञाने फोनवर अनलोडरचा (ट्रिगर सोडल्यावर पंपाचे पाणी बायपासच्या नळीने परत पाठवणाऱ्या व्हॉल्व्हचा) स्क्रू आवळायला सांगितला. हा सल्ला चुकीचा होता आणि त्यात धोका होता. नोझलवरचा आकडा म्हणजे ४००० पीएसआय दाबाला त्यातून मिनिटाला किती अमेरिकन गॅलन पाणी जाईल ते माप. आपण दिलेली चारही नोझल ०४५ क्रमांकाची, म्हणजे ४.५ गॅलनची, आहेत. पंपाचे ९ लिटर म्हणजे २.३८ गॅलन. एवढे पाणी ०४५ मधून सोडले तर दाब ७७ बारच येणार, अनलोडर कितीही आवळा. ०४० वर तो ९८ बार येतो, ०३५ वर १२७ बार. गाडीच्या रंगासाठी ८० ते १०० बार पुरेसे असतात, म्हणजे या पंपाला ०४० हे योग्य माप आहे. बाजारातून ०४० आणून बसवले आणि त्याच दिवशी गेजवर ९७ बार दिसले.

अनलोडर आवळल्याने दाब वाढत नाही. वाढते ती फक्त बायपास उघडण्याची मर्यादा. मग गनचा ट्रिगर सोडला किंवा नोझलमध्ये खडा अडकला की क्षणभर दाब उसळतो, आणि तो झटका होजच्या क्रिंपवर (टोकाला दाबून बसवलेल्या जोडावर), गनच्या सीलवर आणि पंपाच्या व्हॉल्व्हवर बसतो. आमचा होज क्रिंपपाशीच फाटला. सुदैवाने कोणाला लागले नाही. १०० बारचा फवारा कातडी फाडून आत जातो, त्यामुळे असा सल्ला फोनवर कोणालाही देऊ नये अशी आमची कळकळीची विनंती आहे. अनलोडर लावण्याची रीत अशी: योग्य नोझल बसवावे, स्क्रू पूर्ण सैल करावा, गन उघडी ठेवून पाव-पाव फेरा आवळत जावे, काटा चढायचा थांबला की थांबावे. ट्रिगर सोडल्यावर काट्याने कामाच्या दाबापेक्षा १०-१५ टक्क्यांहून जास्त उसळी मारू नये.

शोषणाच्या बाजूचे दोष अधिक छुपे आहेत, आणि आमच्या मते पंप लवकर खलास होणार असेल तर तो तिथेच होईल. टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप अर्धा इंची, साधा पारदर्शक पीव्हीसी आहे. ९ लिटरला त्यात पाण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटरच्या आसपास जातो. शोषण बाजूला तो अर्ध्या मीटरच्या आसपास असावा. पाऊण इंची पाइपात तो तेवढाच येतो. शिवाय उन्हात हा पाइप मऊ पडतो आणि शोषणाने चपटा होतो. मग पंप खडखडतो, गेजचा काटा थरथरतो, गनमधून पाणी धक्क्याधक्क्याने येते. ऐकणाऱ्याला वाटते बेअरिंग गेले, पण तो पाणी कमी पडल्याचा आवाज असतो. तसेच चालवत राहिले तर व्हॉल्व्ह आणि प्लंजरची सील खराब होतात. तारेची गुंडाळी असलेला पाऊण इंची होज, दोन्ही टोकांना दोन-दोन क्लॅम्प आणि पंपाच्या आधी ६० मेशची जाळी हे संचातच असायला हवे होते. जाळी तर दिलेलीच नाही.

टाकीच्या झाकणाला हवा आत येण्याची वाट नाही. झाकण घट्ट लावून पंप चालवला की टाकीच्या भिंती आत ओढल्या जातात आणि थोड्याच वेळात पंप हवा धरतो. आम्ही झाकणाला १० मिमीचे भोक पाडून त्याला जाळी लावली. बायपासची नळी आपण थेट शोषण पाइपातल्या टी मध्ये जोडून दिली आहे. ट्रिगर सोडून दोन-तीन मिनिटे गेली की तेच थोडे पाणी फिरून फिरून तापते आणि सील कडक होतात. ही नळी टाकीत, शोषणाच्या तोंडापासून दूरच्या टोकाला सोडावी, म्हणजे फेसाळलेले पाणीही परत ओढले जात नाही. टाकीत आडव्या पट्ट्याही नाहीत. अर्धी भरलेली टाकी वळणावर टेम्पोला चांगलाच हेलकावा देते.

पुस्तिकेच्या पान ६ वर ‘गन बंद ठेवून मोटर सुरू करा’ असे छापले आहे. नेमके उलट करायला हवे. टाकीचा कॉक उघडावा, जाळी पाहावी, नोझल काढून ट्रिगर दाबून धरावा आणि पाणी बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत वाहू द्यावे. मग मोटर सुरू करावी, म्हणजे ती जवळजवळ बिनभार उठते. मोटर बंद करून नोझल बसवावे आणि पुन्हा ट्रिगर दाबूनच सुरू करावे. काम संपल्यावर मोटर बंद, कॉक बंद, आणि ट्रिगर दाबून होजमधला दाब काढून टाकावा. दाब भरलेला होज खोलू नये, आटे तर मरतातच, हातालाही इजा होते.

पंपाच्या तेलाबद्दल पुस्तिका फक्त ‘तेल भरलेले आहे’ एवढेच सांगते. वाहतुकीसाठी लावलेले बंद बूच काढून त्या जागी सोबतचे भोकवाले बूच बसवायचे असते, हे कुठेही लिहिलेले नाही. ते राहिले तर पंप तापल्यावर आतली हवा तेल सीलमधून बाहेर ढकलते. तेल गळते म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी काहींचे मूळ इथेच असू शकते, आपण तपासून पाहावे. तेल दुधाळ दिसले तर पाणी आत शिरत आहे, पंप थांबवावा, ही खूणही छापावी.

सुरक्षेचे मुद्दे मात्र ताबडतोब हाताळावेत. ओल्या जमिनीवर, ओल्या हातांनी चालवायच्या यंत्राच्या पेटीत फक्त एमसीबी (जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्वीच) आहे, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्वीच) नाही. एमसीबी माणसाला वाचवत नाही, तो वायर वाचवतो. आरसीसीबी बसवतानाही हे लक्षात घ्यावे की जनरेटरचा न्यूट्रल फ्रेमला व अर्थला जोडलेला नसेल, तर गळतीच्या करंटला परतीची वाट मिळत नाही आणि तो ट्रिप होणार नाही. तुमच्या जनरेटरचा न्यूट्रल मोकळा आहे. दुसरे म्हणजे, आपल्या माहितीपत्रकावर तळघरातल्या पार्किंगमध्ये जनरेटर चालू असलेले छायाचित्र आहे. बंदिस्त जागेत पेट्रोल इंजिन चालवले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. ते चित्र पाहून कोणी तसे करण्याआधी ते काढून टाका.

किरकोळ दोन गोष्टी. फोम लान्समधली जेट १.२५ मिमीची आहे. १० लिटरखालच्या पंपाला १.१ मिमीची लागते, नाहीतर फेस पातळ होऊन दारावरून लगेच ओघळतो. आणि ‘एका टाकीत १५ गाड्या’ हा दावा खरा नाही. एका मोटारीला गन पाच-साडेपाच मिनिटे उघडी राहते, म्हणजे ५० लिटर, म्हणजे टाकीत ६ गाड्या. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर राहतात, तो आपला दोष नाही, त्याची तक्रारही नाही.

‘व्यावसायिक वापर असल्याने ग्राहक म्हणून दाद मागता येणार नाही’ असे आपल्या शेवटच्या उत्तरात आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार स्वयंरोजगारातून केवळ उदरनिर्वाहासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक हेतूत मोडत नाही. या संचावर आम्ही दोघे स्वतःच्या हाताने गाड्या धुतो, नोकर ठेवलेला नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत. जनरेटर परत घेऊन ७.५ केव्हीएचा द्यावा, किंवा मोटर-जनरेटर बदलून इंजिनवर चालणारा पंप द्यावा आणि किमतीतला फरक दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे मोजावा. ०४० नोझलांचा संच, १.१ मिमीची जेट, तारेचा पाऊण इंची शोषण होज, जाळी, ४ चौरस मिमी केबल आणि आरसीसीबी विनामूल्य द्यावेत. फुटलेले दोन कपॅसिटर व फाटलेला होज यांचा खर्च भरून द्यावा, पावत्या जोडल्या आहेत. हाच संच घेतलेल्या इतर ग्राहकांना गन उघडी ठेवून सुरू करण्याबद्दल, तेलाच्या बुचाबद्दल आणि तळघराबद्दल लेखी कळवावे. ही शेवटची मागणी आम्हाला पैशांपेक्षा मोठी वाटते.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवू आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

संच पाहायला माणूस पाठवणार असाल तर त्याच्यासोबत क्लॅम्प मीटर आणि तपासलेला प्रेशर गेज पाठवावा. मूळ नोझल, फुटलेले कपॅसिटर आणि फाटलेला होज जपून ठेवले आहेत. टाकी भरलेली असेल.

आपले ग्राहक,
(दोघांच्या सह्या)
पिंपरी-चिंचवड

सोबत: बिल व वॉरंटी कार्डाच्या प्रती, सुट्या भागांच्या पावत्या, गेज व व्होल्टमीटरच्या वाचनांची छायाचित्रे, पुस्तिकेच्या पान ६ ची प्रत.