दोर म्हणजे जहाजाची सजावट नव्हे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लाकडी शिडाच्या जहाजांच्या प्रतिकृतींवर आलेला लेख आवडीने वाचला. या छंदाला वर्तमानपत्रात एवढी जागा क्वचितच मिळते, म्हणून लेखकाचे मनापासून आभार. परंतु ‘सांगाडा आणि डेक पूर्ण झाला की जहाज तयार झालेच, दोऱ्या ही शेवटची सजावट’ अशा अर्थाचे जे वाक्य त्यात आहे, त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. नवशिक्यांच्या हातून अर्धवट राहणाऱ्या किंवा घाईत बिघडणाऱ्या कित्येक प्रतिकृतींचे मूळ याच समजुतीत आहे, असे माझे अनेक वर्षांच्या अनुभवावरून ठाम मत झाले आहे.

शिडाच्या जहाजाला दुसरे इंजिन नसते. डोलकाठ्या, शिडे आणि दोर हीच त्याची यंत्रणा. १७६५ साली पाण्यात उतरलेल्या आणि १९२२ पासून पोर्ट्समथच्या कोरड्या गोदीत असलेल्या ‘एचएमएस व्हिक्टरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर सुमारे ४२ किलोमीटर लांबीचा दोर असे, असे सांगितले जाते. एवढा दोर कोणी शोभेसाठी चढवत नाही. त्यातले काही दोर डोलकाठीला जागच्या जागी धरून ठेवतात. बाजूंना उतरणारे श्राउड आणि नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, जाणारे स्टे हे या प्रकारचे असून, डांबर चोपडल्यामुळे ते गडद तपकिरी दिसतात. बाकीचे दोर हलते असतात. कोणी शीड ज्या आडव्या काठीला बांधतात ती वर चढवतो, कोणी ती वाऱ्याप्रमाणे वळवतो, कोणी शिडाचे कोपरे ओढून घेतो. हे दोर सतत कप्प्यांमधून फिरायचे असल्याने फिकट राहतात. ही दोन रंगांची विभागणी एवढी जरी पाळली, तरी जहाज वाचता येऊ लागते. प्रत्येक दोर बांधताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो : हा कुठून निघाला आणि कोणत्या खुंटीवर उतरला? उत्तर मिळाले नाही, तर तो दोर बांधत नाही.

जाडीच्या बाबतीत होणारी एक चूक इतकी सार्वत्रिक आहे की ती इथे सांगायलाच हवी. जुन्या कोष्टकांत दोराचे माप घेराने दिलेले असते, व्यासाने नव्हे. १० इंची दोर म्हणजे १० इंच घेराचा दोर. त्याचा व्यास जेमतेम ८१ मिलिमीटर भरतो आणि १:६४ प्रमाणात तो सव्वा मिलिमीटरच्या आसपास येतो. घेरालाच व्यास समजले, तर तोच दोर चार मिलिमीटरचा होऊन बसतो आणि नाजूक जहाजावर साखळदंड टाकल्यासारखा दिसतो. शिवणाचा गुळगुळीत दोरा वापरला, तर जाडी बरोबर येऊनही पीळ दिसत नाही. खरा दोर बहुधा तीनपेडी असतो आणि तो पीळ डोळ्यांना दिसायला हवा.

माझ्या पहिल्या जहाजावर मी एका बाजूचे सगळे श्राउड ताणून पक्के केले आणि मग दुसरी बाजू हाती घेतली. डोलकाठी हळूहळू उजवीकडे झुकत गेली. ते माझ्या लक्षात आले, तेव्हा पायऱ्यांच्या दोऱ्याही बांधून झाल्या होत्या, आणि अखेर सगळे कापून काढावे लागले. खरे तर जुन्या खलाशांचा क्रम पाळला असता तर हे टळले असते. एक दोर मध्ये दुमडून डोलकाठीच्या माथ्यावर अडकवला की त्याचे दोन श्राउड होतात. पहिली जोडी उजव्या बाजूची, सर्वांत पुढची. दुसरी डाव्या बाजूची. आणि मग असेच आलटून पालटून मागे जायचे. ते सगळे चढल्यावर त्यांच्यावरून स्टे येतो. खाली श्राउडला तीन भोकांचा डेडआय नावाचा लाकडी गोल ठोकळा असतो, त्याचा जोडीदार जहाजाच्या बाजूला असतो, आणि दोघांमधून ओवलेली बारीक दोरी ताण कमी-जास्त करते. नैसर्गिक धाग्याचा दोर ओला झाला की आवळतो आणि सुकला की सैलावतो, म्हणूनच ही सोय. प्रतिकृतीतही ही दोरी लगेच चिकटवू नये. सगळे श्राउड चढेपर्यंत ती सैल ठेवावी आणि शेवटी समोरून पाहत थोडी थोडी आवळावी.

श्राउडांवरच्या आडव्या पायऱ्या, म्हणजे रॅटलाइन, हा संयमाचा खरा कस. खऱ्या जहाजावर त्या साधारण ३८ सेंटिमीटर अंतरावर असत. १:६४ प्रमाणात हे अंतर सहा मिलिमीटर होते. एका बाजूला सहा श्राउड आणि पंचवीस पायऱ्या धरल्या, तर दीडशे गाठी झाल्या. तीन डोलकाठ्यांच्या दोन्ही बाजू मिळून नऊशे, आणि त्याही वरचे टप्पे न धरता. सहा-सहा मिलिमीटरवर रेघा मारलेला पुठ्ठा मागे लावून मी बसतो. खालून एकामागून एक बांधत गेले की कडेचे श्राउड आत ओढले जातात आणि शिडीला मध्येच कंबर पडते. त्यासाठी आधी दर पाचवी पायरी बांधावी, आकार धरून ठेवावा, मग मधल्या भराव्यात. गाठ ओढताना हाताला जरासा जोर लागला, तरी सबंध ओळ वाकते. म्हणून एका बैठकीत मी पाच-सहा ओळींच्या पुढे जात नाही.

गाठी पक्क्या करण्यासाठी क्षणात चिकटणारा गोंद वापरण्याचा सल्ला त्या लेखात आहे. तो मला मुळीच पटत नाही. त्याने धागा काचेसारखा कडक होतो, त्यावर पांढरा थर येतो आणि काही वर्षांनी दोर गाठीशीच तुटतो. पांढरा पीव्हीए गोंद पाण्यात पातळ करून त्याचा एक थेंब ब्रशच्या टोकाने लावला तर पुरतो, आणि चूक झाल्यास पाण्याने भिजवून गाठ सोडवताही येते. खुंट्यांवर टांगलेली दोरांची वेटोळीही याच गोंदाच्या पाण्यात भिजवून खाली लोंबतील अशी दाबून वाळवावीत. वजन असल्यासारखी ती लोंबली नाहीत, तर बाकीचे काम कितीही नेटके असो, जहाज खेळणेच वाटते.

नवशिक्यांनी तीन डोलकाठ्यांच्या युद्धनौकेऐवजी एका डोलकाठीच्या लहान जहाजापासून सुरुवात करावी, हे त्या लेखात यायला हवे होते. सगळे मुख्य दोर त्यावरही असतात, फक्त संख्या कमी असते.

या विषयावर आपण पुन्हा लेख छापलात, तर जहाजाच्या पूर्ण छायाचित्राबरोबर डोलकाठीच्या बुंध्याशी, जिथे हे सारे दोर एकेका खुंटीवर उतरतात, त्या जागेचे जवळून घेतलेले एक छायाचित्रही जरूर द्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक